रुसवीच्या पोटातला साठा

झाडाच्या पोटात किती अन्न शिल्लक आहे हे सांगणाऱ्या एका बाईची ही गोष्ट आहे. पानं बघून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण पानं खोटं बोलतात. हिरवंगार दिसणारं आंब्याचं झाड आतून रिकामं असू शकतं, आणि मरगळलेलं दिसणारं झाड दोन मोहरांची शिदोरी पोटात दडवून उभं असू शकतं. माणसांचंही तसंच म्हणा. पण माणसाची फांदी कापून बघता येत नाही, आंब्याची येते.

ती एका फळसंशोधन केंद्रात प्रयोगशाळेची मदतनीस होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर तिचं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारणारं पगाराच्या दिवसाखेरीज कुणी नव्हतं. सगळे तिला वाळवणताई म्हणत. सव्वीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. आंब्याच्या कोवळ्या फांद्या तोडून आणायच्या, धुवायच्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, कागदी पाकिटांत भरून भट्टीत वाळवायचे, दळायचे, चाळायचे आणि ती मैद्यासारखी पूड बाटलीत भरून मॅडमच्या हाती द्यायची. पुढे त्या पुडीत पिठूळ अंश किती आणि साखर किती, ते मॅडमचं यंत्र सांगे.

बागेच्या टोकाला एक लांब, बुटकी इमारत होती. तिच्या शेवटच्या खोलीत वाळवणताईचं राज्य. दोन खिडक्या, दगडी ओटा, नळ, दळायचं यंत्र आणि लोखंडी कपाटासारखी विजेची भट्टी. ओल्या आंब्याच्या लाकडाला तापवलं की चिकाचा एक गोडसर, नाकात चढणारा वास सुटतो. तो वास तिच्या केसांत मुरला होता. नवरा शिंपी होता, घराच्या पुढच्या खोलीत यंत्र चालवायचा. तो म्हणायचा, "तू गल्लीच्या तोंडाशी आलीस की मला न बघता कळतं. आंब्याचं झाड चालत आलं!"

तिच्या कामात एक गोष्ट अशी होती की ती कळली तरच पुढचं कळेल. फांदी तोडली म्हणजे मेली असं आपल्याला वाटतं. ती मरत नाही. तुटलेली फांदी तासन् तास जिवंत राहते, श्वास घेते, आणि वरून पान नाही, खालून मूळ नाही, म्हणून स्वतःच्याच पोटातला साठा खात बसते. तिला लवकर भट्टीत घालून एक तास कडक आच दिली तरच ते खाणं थांबतं. मग मंद आचेवर दोन दिवस वाळली तरी हरकत नाही. पहिला तास चुकला की सगळं चुकलं. नवीन माणूस आला की वाळवणताई त्याला पहिल्या दिवशी हेच सांगे, "तोडलेल्याची भूक आधी मारायची, बरं का. बाकी सगळं सावकाश."

केंद्रात आंब्याच्या चार जातींच्या चार रांगा होत्या. वहीत त्यांची लांबलचक नावं आणि आकडे होते. पण झाडांना पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्या माळीदादांनी त्यांची बारशी केव्हाच उरकली होती. दरवर्षी इमानाने बेताची फळं देणारी ती दरसाल्या. रंगाने देखणी आणि चवीला यथातथा ती शेंदरी. कमरेएवढी असतानाच फळायला लागलेली ती बुटकी. आणि चौथी रुसवी. रुसवी एक वर्ष अशी लगडायची की फांद्या भुईला टेकायच्या. दुसऱ्या वर्षी पाठ फिरवायची, एक फळ म्हणून द्यायची नाही. पण जे द्यायची ते असं, की साल सोलता सोलता माणूस बोलणं विसरावं.

तीन वर्षांपूर्वी रुसवी इतकी फळली की तीन झाडांच्या फांद्या मोडल्या. त्यानंतर शेंड्यांवर रोग पडला. मग सलग दोन वर्षं मोहर नाही. रांगेत चाळीस झाडं होती. केंद्राच्या साहेबांपुढे प्रश्न पडला, ही झाडं सावरतील की संपली आहेत? हे साहेब कमी बोलणारे. त्यांच्या 'हूं'मध्ये होकार, नकार, शंका, चहा आणा, सगळं असायचं. त्यांना सगळे पाठीमागे हुंकारसाहेब म्हणत. त्यांनी मॅडमना सांगितलं, चारही रांगांच्या फांद्यांतला साठा मोजा. कणगीत दाणे असतील तर थांबू. नसतील तर झाडं काढून तिथे नवी कलमं लावू.

मॅडम तिशीच्या, हुशार आणि घाईच्या. वाळवणताईवर त्यांचा फार जीव. "ताई, तुमच्या हातची पूड म्हणजे मी डोळे मिटून घेते," असं त्या चारचौघांत म्हणायच्या, आणि ते ऐकून वाळवणताई उगाच ओटा पुसायला लागायची.

फांद्या तोडायचा दिवस ठरला. आदल्या दिवशीच वाळवणताईने सगळ्या पाकिटांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्या. ही तिची पद्धत होती. जात, झाडाचा क्रमांक, तोडल्याची तारीख, भट्टीत घातल्याची तारीख, सगळं मोत्यासारख्या अक्षरात आधीच. सव्वीस वर्षांत दोन्ही तारखा एकच असायच्या, मग आधी लिहायला काय हरकत? हात ओले झाल्यावर अक्षर बिघडतं, म्हणून ती आधी लिहायची. अक्षराचा तिला फार अभिमान होता.

सकाळी उन्हं चढायच्या आत माळीदादा आणि ती चारही रांगा फिरले. तोडलेल्या फांद्या जातीप्रमाणे पिशव्यांत घालून, तोंडं बांधून तिने ओट्यावर आणल्या. कडक आचेला भट्टीत एका वेळी एकाच जातीची पाकिटं घालता येत, मंद आचेला मग सगळी एकत्र चालत. दरसाल्या झाली. शेंदरी झाली. बुटकी आत गेली आणि तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यातली, पण आजचा एक माणूस आला नव्हता. दवाखान्यातली बाई म्हणाली, "दोन तासांत घेऊन या, नाहीतर नंबर गेला समजा."

मॅडम दोन दिवस बाहेरगावी बैठकीला गेल्या होत्या. वाळवणताईने घड्याळाकडे पाहिलं. बुटकीचा तास संपल्यावर आच कमी केली, आणि रुसवीच्या पिशवीकडे पाहत स्वतःशी म्हणाली, उद्या सकाळी आल्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या डोळ्यावर पट्टी. डॉक्टरांनी बजावलेलं, वाकू द्यायचं नाही. आणि हा माणूस असा, की हातातून सुई पडली तर सुईच्या आधी खाली जाणार. ती घरीच राहिली. तिसऱ्या दिवशी ती खोलीत आली, पिशवीची गाठ सोडली, आणि आतून ऊबदार, आंबूस वाफ तिच्या तोंडावर आली. पिशवीला आतून घाम फुटला होता.

तिला त्याच क्षणी कळलं. दोन दिवस त्या फांद्या स्वतःला खात बसल्या होत्या.

अजून काही बिघडलं नव्हतं. बाग शंभर पावलांवर होती, नव्या फांद्या तोडता आल्या असत्या. पण मग तारीख बदलली असती, इतर तिघींशी तुलना बिघडली असती, चारही रांगा पुन्हा कराव्या लागल्या असत्या, आणि का, हे सांगावं लागलं असतं. ती पिशवी हातात धरून उभी असतानाच मॅडम बैठकीहून आल्या, दारातूनच म्हणाल्या, "काय ताई, झालं सगळं?"

"झालं," ती म्हणाली.

एवढंच. चिठ्ठ्यांवर तारखा आधीच लिहिलेल्या होत्या. तिला खोटं लिहावंसुद्धा लागलं नाही. फक्त खोडायचं राहिलं.

दोन महिन्यांनी आकडे आले. तिघींचे आपापल्या जागी आणि रुसवीचा त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. मॅडम खुशीत होत्या. प्रयोग करणाऱ्याला इतका स्वच्छ फरक क्वचित मिळतो. "बघा ताई, दोन वर्षं मोहर का नाही, याचं उत्तरच मिळालं. झाडात काही उरलंच नाहीये." त्यांनी अहवाल लिहिला. साहेबांनी तो वाचला आणि 'हूं' म्हणाले. यावेळचा हूं काय होता ते दुसऱ्या दिवशी कळलं. माळीदादा लाल रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन रुसवीच्या रांगेत शिरले. सोमवारी तोडणारे येणार होते. खुणा करून ठेवायच्या होत्या.

वाळवणताई खिडकीतून बघत होती. पहिल्या झाडाच्या बुंध्याला लाल फुली बसली. तिने आयोडीनची बाटली आणि कात्री पदराखाली घेतली आणि बागेत गेली.

आयोडीन तपकिरी असतं. पिठावर पडलं की निळंकाळं होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिने दरसाल्याची एक काडी तिरकी कापली, वर थेंब सोडला. काडी काळवंडली. मग रुसवीची कापली. थेंब सोडला आणि श्वास धरून बघत राहिली. कडेने निळी रेघ उमटली, ती आत आत सरकली, आणि काडीचं अर्धं तोंड शाईत बुडवल्यासारखं झालं. तिने दुसरं झाड कापलं, तिसरं कापलं. तेच.

"आता काय औषध लावताय का ताई?" माळीदादा मागे येऊन उभे होते. "मढ्याला मालिश करून काय उपयोग?"

"मढं कोण म्हणतं?"

"मी नाही म्हणत बाई. कागद म्हणतो." त्यांनी कुंचला डब्यात ठेवला. "मी अठ्ठावीस वर्षं हिला बघतोय. ही माहेरी जाऊन बसणाऱ्या बायकोसारखी आहे. रुसते, पण कायमची जात नाही. पण आपलं कोण ऐकणार? आपल्याला यंत्र नाही. मी साहेबांना म्हटलं, अजून एक वर्ष द्या. ते म्हणाले हूं."

"मग?"

"मग काय! मी रंग कालवायला घेतला."

हातातली निळी काडी तिने मुठीत धरली होती, घरी पोचेपर्यंत तळव्याला डाग पडला.

संध्याकाळी शिंपी सुईत दोरा ओवत होता. नव्या डोळ्याने पहिल्याच झटक्यात ओवला म्हणून तो खुशीत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत बसला.

"माझ्या एका डोळ्यापायी चाळीस झाडं?"

"अहो, तुमच्या डोळ्याचं काय त्यात? गाठ मी बांधली, झालं मी म्हटलं."

"अगं, पण निवृत्तीला चार महिने राहिलेत तुझे. सव्वीस वर्षांत नावाला डाग नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, गिऱ्हाइकाला दिसत नाही ते उसवू नये."

"तुमचं गिऱ्हाईक सदरा घालून हिंडतं. त्याचा हात कुणी तोडत नाही."

शिंप्याने सुई उशीत टोचून ठेवली. मग म्हणाला, "नुसतं म्हणून बघ ना त्या मॅडमना, की एकदा परत मोजा. कारण कशाला सांगतेस?"

तिलाही ते पटलं. खरं सांगायचं तर ते पटावं म्हणूनच तिने विषय काढला होता. दुसऱ्या दिवशी ती काड्या आणि आयोडीन घेऊन मॅडमच्या टेबलापाशी गेली आणि त्यांच्यासमोर थेंब सोडून दाखवला. मॅडमनी कौतुकाने पाहिलं.

"छान दिसतं. पण ताई, हा निळा रंग आहे, आकडा नाही. आणि आपण तोडल्या तेव्हापासून दोन महिने गेलेत. आता हवा वेगळी, झाडाची अवस्था वेगळी."

"एकदा परत मोजून बघितलं तर?"

"का पण? यंत्र चुकलं नाही, मी तीनदा तपासलंय. आणि पूड तुमच्या हातची आहे." मॅडम हसल्या. "तुमच्यावर शंका घेऊ का आता?"

वाळवणताईने काडी टेबलावर ठेवली. खिडकीबाहेर कुंचला डब्यावर निथळवल्याचा आवाज आला. माळीदादा अजून अर्ध्या रांगेतच होते. मुद्दाम सावकाश रंगवत होते म्हणे.

"घ्या," ती म्हणाली. "घ्या शंका. रुसवीची पिशवी दोन दिवस ओट्यावर पडून होती. बांधलेली. भट्टी मी तिसऱ्या दिवशी लावली. चिठ्ठीवरची तारीख आधी लिहिलेली होती, ती मी तशीच ठेवली. तुम्ही विचारलंत तेव्हा झालं म्हणाले."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि मग त्याचा अर्थ हळूहळू निघून गेला.

"दोन महिने, ताई? दोन महिने मी त्या पुडीवर राबलेय. साहेबांपुढे छातीठोक सांगितलं मी. तुम्ही तिथेच होतात. चहाचे कप उचलत होतात!"

"होते."

"तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा लाल फुल्या नव्हत्या," वाळवणताई म्हणाली. मग तिचं तिलाच ते बरोबर वाटलं नाही. "नाही. तेव्हा मला माझं नाव मोठं वाटत होतं."

मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. पण त्या शास्त्राच्या बाई होत्या, खोट्या आकड्यावर त्यांना बसवेना. दुपारी दोघी साहेबांच्या खोलीत गेल्या. मॅडमनी सांगितलं, वाळवणताईने मान हलवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या दिवशी त्यांनी हूंसुद्धा म्हटलं नाही. फोन उचलला आणि तोडणाऱ्यांना म्हणाले, "सोमवारी येऊ नका."

चारही रांगा पुन्हा करायच्या ठरल्या, एकाच दिवशी, एकाच हवेत. त्या दिवशी मॅडम स्वतः खोलीत उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत वाळवणताईच्या खोलीत कुणी उभं राहिलं नव्हतं. प्रत्येक पिशवी उघडताना, पाकीट भरताना, भट्टीचं दार लावताना मॅडम घड्याळ बघून वेळ लिहीत होत्या आणि पुढे सही करत होत्या. एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. टोचलं असतं तर बरं, असं वाळवणताईला वाटलं. त्या फक्त बघत होत्या, आणि तिच्या सुरीखालचे तुकडे पहिल्यांदाच लहानमोठे होत होते.

"ताई, थोडे सारखे," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

भट्टी गरम झाली, वास सुटला. दोघी जणी दोन खिडक्यांशी बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने मॅडमनी विचारलं, "यजमानांचा डोळा कसा आहे?"

"बरा आहे. सुईत दोरा ओवतात."

"मला तेव्हा फोन केला असतात, तर मीच कुणाला तरी सांगून भट्टी लावून घेतली असती."

"तेच तर," वाळवणताई म्हणाली. "भट्टीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नव्हता मला."

आठवड्याने आकडे आले. दरसाल्या सगळ्यांत वर, तिचा साठा नेहमीसारखा, ना फार ना कमी. रुसवी तिच्या खालोखाल, शेंदरी आणि बुटकी या दोघींच्याही वर. दोन वर्षं मोहर न देता ती गपचूप भरत होती. मॅडमनी नवा अहवाल लिहिला. त्यात त्यांनी असंही लिहिलं की साठा आहे याचा अर्थ मोहर येईलच असा नाही, पण साठा असलेलं झाड संपलेलं नसतं. साहेबांनी रुसवीला दोन वर्षांची मुदत दिली. माळीदादा रांगेतून फिरून आले आणि वाळवणताईच्या खिडकीशी थांबून म्हणाले, "रंग काही निघत नाही हो सालीवरचा. राहू दे. कुंकू समजू!" ती हसली, पण लगेच डोळ्याला पदर लावला. भट्टीची धग लागली असं म्हणाली.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर एक कागद होता. नमुने हाताळण्यात हयगय आणि माहिती दडवल्याबद्दल लेखी समज. खाली तिच्या सहीची जागा.

"नियमाने द्यावा लागतो," साहेब म्हणाले. एवढं लांब वाक्य बोलून ते जरा थांबले. मग कागद स्वतःकडे ओढत म्हणाले, "पण चारच आठवडे राहिलेत. हा माझ्या खणात राहिला तरी कुणी विचारणार नाही. तुमची फाइल कोरी आहे. कोरीच जाऊ दे."

वाळवणताई कागदाकडे बघत राहिली. कोरी फाइल तिला हवी होती. हवी नव्हती असं म्हणणं खोटं ठरलं असतं. सव्वीस वर्षं तिने दुसरं काय जमवलं होतं?

"साहेब, तुमची बदली कधी होणार?"

साहेबांनी भुवया वर केल्या. "होईल वर्षभरात. का?"

"मी जाणार. तुम्ही जाणार. मॅडम मोठ्या जागी जातील. माळीदादांचं काय सांगावं. मग कुणीतरी नवा माणूस येईल, कपाट उघडेल, त्याला दोन अहवाल मिळतील. एक म्हणतो झाड रिकामं, एक म्हणतो भरलेलं. दोन्हींच्या चिठ्ठ्यांवर अक्षर माझंच. तो कुठला खरा धरेल?"

"हूं," साहेब म्हणाले.

"हा कागद नसेल तर तो रिकामं धरेल. नव्या माणसाला नवी कलमं लावायची हौस असतेच."

तिने कागद आपल्याकडे ओढला, टेबलावरचं पेन घेतलं आणि सही केली. सहीचं अक्षर नेहमीसारखं आलं नाही. मग तिने टाचणी मागितली.

"कशाला? फाइलीला मी लावतो."

"फाइलीला लावाच. पण याची एक प्रत काढून द्या. ती मला पहिल्या अहवालाला टाचायची आहे. वरच्या पानालाच. उघडल्याबरोबर दिसली पाहिजे."

साहेबांनी प्रत काढायला स्वतः यंत्रापाशी जाऊन बटण दाबलं. कागद गरमगरम बाहेर आला. वाळवणताईने तो दोन्ही हातांनी घेतला, जरा निवू दिला, आणि कपाटाकडे गेली.